ट्रिगर पाळायचा तर समुद्र घरीच तयार करावा लागतो

१९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं आणि प्रवाळातले रंगीत मासे जिवंतपणी कसे दिसतात हे आपल्याकडच्या सामान्य माणसाला बघायला मिळालं. २०१५ मध्ये ते नव्या रूपात उघडलं, तेव्हा तिथे ट्रिगरफिशपैकी क्लाउन ट्रिगरही होता. काळं अंग, पोटावर पांढरेशुभ्र मोठे ठिपके आणि तोंडाभोवती पिवळाधमक रंग. ट्रिगर घरी असावा ही इच्छा बहुतेकांच्या मनात अशीच येते, एखाद्या माशासमोर बराच वेळ उभं राहिल्यावर. हा मासा दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवतो, काचेपलीकडच्या माणसाकडे बघतो, तोंडात दगड धरून सरकवतो, खायला घालणाऱ्याला ओळखतो. घरी पाळता येणाऱ्या माशांत इतका हुशार आणि इतका हट्टी मासा क्वचितच सापडेल.

वसईच्या किनाऱ्यावर राजोडी, नाळे, सत्पाळा, अर्नाळा या पट्ट्यात राहणाऱ्याच्या मनात त्यापुढचा विचार ठरलेला असतो. सुरूच्या बनापलीकडे समुद्र आहे, खारं पाणी फुकट आहे, वाळू हवी तेवढी आहे, मासळी ताजी मिळते. मग खाऱ्या पाण्याची टाकी आपल्याला का जड जावी? यातली मासळीची गोष्ट खरी आहे आणि तिचा फार मोठा फायदा आहे. पाण्याचा आणि वाळूचा हिशोब मात्र पूर्ण चुकतो.

बहुतेक ट्रिगर प्रवाळाच्या आसपास राहणारे. लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचं आखात ही त्यांची आपल्याकडची घरं. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर मालवणजवळ प्रवाळ आहेत, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर पाण्याखालची आंग्रिया बँक आहे. तिथलं पाणी नितळ असतं आणि त्याचा खारटपणा वर्षभर फारसा हलत नाही, किलोमागे ३५ ग्रॅम क्षारांच्या आसपास राहतो. राजोडीच्या उत्तरेला वैतरणेचं मुख आहे, दक्षिणेला वसईची खाडी. दोन्हीकडून गाळ येतो, भरती-ओहोटीच्या ओढीने तो सतत ढवळला जातो, आणि पावसाळ्यात गोडं पाणी मिसळून किनाऱ्याजवळचा खारटपणा खूप खाली येतो. त्यात वस्त्यांचं सांडपाणी. कळशीभर पाणी घेऊन रात्रभर ठेवलं तर तळाशी गाळ बसतो आणि वर स्वच्छ दिसतं, पण त्या स्वच्छ पाण्यातही डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. बंद टाकीत ते मरतात, कुजतात आणि अमोनिया वाढवतात. काही जीव मरत नाहीत, ते माशाला रोग देतात. त्यामुळे पहिली गोष्ट पक्की करावी: किनाऱ्याचं पाणी टाकीत घालायचं नाही, गाळूनही नाही, उकळूनही नाही.

वसईकर दुसरा मार्ग सुचवतात तो मिठागराचा. नायगाव-भाईंदरकडची मिठागरं आपल्या नजरेसमोरची, जाडं मीठ स्वस्त, ते पाण्यात विरघळवलं की झालं. तसं होत नाही. मिठागरात समुद्राचं पाणी आटवताना त्यातले क्षार एकदम बाहेर पडत नाहीत. आधी चुन्याचे क्षार आणि जिप्सम तळाशी बसतात, मग सोडियम क्लोराइड म्हणजे आपलं मीठ, आणि मॅग्नेशियमसारखे क्षार उरलेल्या कडवट पाण्यात राहतात. ते पाणी काढून टाकतात म्हणून तर मीठ चवीला चांगलं लागतं. माशाला मात्र हे सगळेच क्षार हवे असतात, ठरलेल्या प्रमाणात. तेव्हा मत्स्यालयासाठी बनवलेलं समुद्री मीठच घ्यावं. ते पोत्यात किंवा बादलीत मिळतं, एका लिटरला साधारण ३५ ते ३६ ग्रॅम लागतं. मोठी टाकी पहिल्यांदा भरायला वीसेक किलो मीठ लागेल आणि नंतर दर महिन्याला चार-पाच किलो. टाकी घेण्याआधी हा खर्च मांडून बघा, कारण तो कधीच थांबत नाही.

मीठ विरघळवायला पाणी कोणतं, हाही आपल्याकडचा मोठा प्रश्न आहे. सूर्या धरणाचं नळाला येणारं पाणी क्लोरिन घातलेलं असतं. किनारपट्टीच्या विहिरी आणि बोअर मचूळ झाल्या आहेत. वाड्यांमधल्या विहिरींत खतांचे नायट्रेट उतरलेले असू शकतात. टँकरचं पाणी आज एका ठिकाणचं, उद्या दुसऱ्या. यातलं कोणतंही पाणी चालेल, पण आधी आरओ आणि त्यानंतर उरलेले क्षार काढणारं डीआय या दोन्ही टप्प्यांतून गेलं पाहिजे. स्वयंपाकघरातल्या आरओत चवीसाठी खनिजं परत मिसळलेली असतात, ते उपयोगाचं नाही. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, तो शून्याच्या जवळ दाखवेल असंच पाणी घ्या. मीठ बादलीत मिसळून, छोटा पंप लावून रात्रभर फिरवा आणि दुसऱ्या दिवशी मोजा. मोजायला काचेचा तरंगता काटा नको, रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या. विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५ या पट्ट्यात ठेवावं.

वाळूबद्दल थोडक्यात. किनाऱ्यावरची वाळू उचलायला सीआरझेडच्या नियमांनी मनाई आहे, आणि नसती तरी ती गाळाची वाळू टाकीच्या कामाची नाही. अ‍ॅरागोनाइट वाळू विकत घ्या, किंवा तळ तसाच मोकळा ठेवा. ट्रिगर वाळू उकरून इकडची तिकडे करतोच.

कोणता ट्रिगर

ट्रिगरच्या चाळीसच्या आसपास जाती आहेत आणि त्यांचे स्वभाव एकमेकांपासून फार वेगळे आहेत. दुकानात बोटभर लांबीचा मासा बघून निर्णय घेऊ नका. तो पाच वर्षांनी केवढा होणार आणि कसा वागणार, हे बघून घ्या. ट्रिगर दहा वर्षांहून जास्त जगतो. पहिलीतलं मूल दहावी-बारावीला जाईपर्यंत तो मासा घरात असणार आहे.

पहिल्यांदा पाळणाऱ्यांनी पिकासो ट्रिगर घ्यावा असं माझं मत आहे. तो साधारण वीस-पंचवीस सेंटीमीटर होतो, चिवट आहे, खाण्याचे नखरे करत नाही. त्याचा सख्खा भाऊबंद हवाई बेटांचा राज्यमासा आहे. हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ हे त्याचं नाव तिथली मुलं पाठ करतात, आणि २००६ मध्ये त्याला हा मान कायमचा मिळाला.

दुसरा चांगला पर्याय नायजर, म्हणजे लालदाती ट्रिगर. गडद निळा-जांभळा रंग, चंद्रकोरीसारखी शेपटी आणि वय वाढलं की लाल होणारे दात. हा प्रवाहात तरंगणारे बारीक जीव टिपून खातो, म्हणून इतर ट्रिगरपेक्षा सौम्य. पण त्याला पोहायला लांब जागा आणि पाण्याला जोराचा प्रवाह लागतो. गेल्या दशकभरात केरळ, कर्नाटक, गोव्याकडे ट्रॉलरच्या जाळ्यांत हाच मासा मोठ्या प्रमाणात येऊ लागला आहे. कातडी जाड, भाव कमी, त्यामुळे बराचसा माल फिशमीलला जातो. बंदरावर कोणी ओळखीतून जिवंत दिला तरी तो घेऊ नका. ट्रॉलरच्या जाळ्यात चेंगरलेला, खोलातून झटक्यात वर आलेला मासा आतून दुखावलेला असतो आणि बहुधा काही दिवसांत मरतो.

ब्लूथ्रोट नावाचा ट्रिगर मिळाला आणि परवडला तर तो सगळ्यांत शांत. नर-मादीची जोडीसुद्धा एका टाकीत राहू शकते. नराच्या गळ्याला निळा रंग असतो, मादीला नसतो.

तारापोरवालात मन जिंकून घेतलेला क्लाउन ट्रिगर मात्र घरासाठी कठीण आहे. तो अर्ध्या मीटरपर्यंत वाढतो. लहानपणी गोजिरवाणा असतो आणि वर्षा-दोन वर्षांत सोबतच्या माशांना ठार करायला लागतो. तो पाळायचाच असेल तर एकटा पाळावा, ही अट आधी मान्य करून. नारिंगी रेघांचा हिरवा अनड्युलेटेड ट्रिगर त्याहून तापट. टायटन तर पाऊण मीटरचा मासा. अंडी राखताना तो पाणबुड्यांवर धावून जातो आणि चावतो. तो कोणी विकायला काढला तरी नाही म्हणा.

टाकी, वजन आणि वीज

पिकासोसाठी कमीत कमी ४ × २ × २ फुटांची टाकी हवी, म्हणजे साधारण ४५० लिटर. नायजरसाठी ६ × २ × २, साधारण ६८० लिटर. पाणी, काच, दगड, स्टँड आणि खालचा संप (मुख्य टाकीला जोडलेली उपकरणांची टाकी) धरून ही सहा फुटी टाकी एक टनाच्या आसपास जाते. राजोडीत बैठ्या घरात, जमिनीवर कोबा असेल तर हरकत नाही. नालासोपाऱ्यात इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी मात्र इथे थांबावं. राहत्या खोलीची जमीन भारतीय मानकांप्रमाणे चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास वजन धरून आखलेली असते, आणि ही टाकी एक चौरस मीटरहून थोड्याच जास्त जागेवर ते सगळं वजन टाकते. जुन्या, खाऱ्या हवेने सळ्या गंजलेल्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय टाकी भरू नका. मंजुरी मिळाली तरी ती बीमच्या वर, भिंतीला लागून ठेवा.

काच १२ मिलिमीटरपेक्षा पातळ नको. वर झाकण हवंच. ट्रिगर उडी मारतो आणि वर येऊन तोंडाने पाण्याची चूळ फेकतो. वर दिव्याची उघडी वायर असेल तर त्या खाऱ्या पाण्याने शॉर्ट सर्किट होतं. तो वायर, नळ्या, हीटर, जे दिसेल ते दातांनी कुरतडतो. म्हणून संप ही ट्रिगरसाठी चैन नाही, गरज आहे. पाण्यातली घाण फेसातून काढणारा स्किमर, हीटर, सगळी उपकरणं खालच्या संपमध्ये, टाकीत फक्त पाणी येण्या-जाण्याचे पाइप आणि जाळीबंद वेव्हमेकर. टाकीच्या सगळ्या जोडण्या ईएलसीबीवर (वीजगळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचवर) घ्या आणि प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोळातून खाली पडेल, प्लगमध्ये जाणार नाही. स्किमर टाकीच्या लिटरच्या दुप्पट क्षमतेचा घ्या. ट्रिगर भरपूर खातो आणि तितकीच घाण करतो.

दगड आधी थेट काचेवर भक्कम बसवा, मग वाळू घाला. वाळूवर रचलेला दगड ट्रिगर खालून उकरतो आणि ढीग काचेवर कोसळतो. प्रत्येक ट्रिगरला रात्री शिरता येईल अशी एक तरी कपार ठेवा. आणि दगड कोणता, याला कायद्याची बाजू आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून आपल्याकडचे प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. दुकानदार हळू आवाजात प्रवाळ किंवा समुद्रातून काढलेला ‘लाइव्ह रॉक’ दाखवत असेल तर हात लावू नका. माणसाने बनवलेला सच्छिद्र सिरॅमिक दगड मिळतो, तोच घ्या. हळूहळू त्यावर जिवाणू वसतात आणि तो काम करू लागतो.

हे जिवाणू टाकीचा खरा आधार आहेत. माशाच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिले दोन पदार्थ माशाला विषारी, तिसरा थोड्या प्रमाणात सोसवतो. नवी टाकी भरल्यावर त्यात सालीसकट एक कोलंबी टाका आणि ती कुजू द्या. काही दिवसांनी टेस्ट किटवर अमोनिया चढेल, मग उतरेल, नायट्राइट चढेल, तेही उतरेल. या सगळ्याला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय या टाकीत मासा सोडायचा नाही. दुकानदार म्हणेल, आजच न्या, काही होत नाही. होतं. त्यानंतरही आठवड्याला किटने तपासा, पीएच ८.१ ते ८.४, नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली. महिन्याला वीस टक्के पाणी बदला.

इथल्या टाकीला खरा त्रास उन्हाळ्यात होतो. ट्रिगरला २४ ते २७ अंश पाणी मानवतं. एप्रिल-मेमध्ये आपल्या घरातलं तापमान आणि पंपांची उष्णता मिळून टाकी ३१-३२ पर्यंत जाते. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि माशाला तेव्हाच तो जास्त लागतो. कोरड्या प्रदेशात पृष्ठभागावर पंखा लावून पाणी दोन-तीन अंश उतरतं, पण किनाऱ्याच्या दमट हवेत बाष्पीभवन मंद होतं आणि पंख्याचा उपयोग निम्म्यावर येतो. सहा फुटी टाकीला पाव ते एक तृतीयांश अश्वशक्तीचा चिलर लागेलच, आणि त्याचं वीजबिल महिन्याच्या हिशोबात धरा. चिलरची गरम हवा खोलीबाहेर जाईल अशी सोय करा. पाणी उडून कमी झालं की भर आरओच्या गोड्या पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नाही, कारण उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं.

वीज जाण्याची तयारी ही आपल्याकडे चिलरपेक्षाही महत्त्वाची. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरारच्या अनेक भागांत बराच काळ वीज नव्हती, आणि त्यानंतरचे पावसाळेही काही निर्धास्त गेलेले नाहीत. पंप थांबल्यावर मोठ्या माशांच्या टाकीतला ऑक्सिजन काही तासांत खाली येतो. इन्व्हर्टरवर सगळं चालवायचा प्रयत्न करू नका, त्याची बॅटरी लवकर संपेल. फक्त एक वेव्हमेकर किंवा एअर पंप त्यावर ठेवा. शिवाय सेलवर चालणारे दोन एअर पंप आणि सेलचा संच घरात असू द्या. वीज नसताना माशाला खायला घालायचं नाही. मोठा ट्रिगर दोन-तीन दिवस उपाशी सहज राहतो.

मासा आणताना

खाऱ्या पाण्यातले मासे क्रॉफर्ड मार्केटच्या आणि कुर्ल्याच्या दुकानांत मिळतात. क्लाउनफिशसारखे काही मासे आता हॅचरीत वाढवलेले मिळतात, कोचीच्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने त्यावर मोठं काम केलं आहे. ट्रिगर मात्र जवळजवळ सगळे समुद्रातूनच पकडलेले असतात. काही देशांत प्रवाळात सायनाइड फवारून मासे गुंगवतात. असा मासा दिसायला ठीक असतो आणि काही आठवड्यांत मरतो. म्हणून मासा कुठून आला हे विचारा, आणि दुकानात आल्याला आठवडाभर तरी झाला असेल तरच घ्या. त्याला समोर खायला घालायला सांगा. खात नसेल तर परत या. पोट आत गेलेलं, डोळे धुरकट, श्वास जोरात चाललेला मासा कितीही स्वस्त असला तरी नको. आठ-दहा सेंटीमीटरचा मासा सगळ्यांत चांगला. फार बारीक पिल्लं प्रवासात खचतात.

पॅकिंगकडे स्वतः लक्ष द्या. ट्रिगरच्या पाठीवर जाड काटा असतो. घाबरला की तो कपारीत शिरतो, काटा उभा करतो आणि दाराला आतून अडसर घालावा तसा त्यामागचा दुसरा छोटा काटा पहिल्याला अडकवून ठेवतो. मग त्याला कोणी ओढून काढू शकत नाही. हाच काटा प्लॅस्टिकच्या पिशवीला आरपार जातो. एकात एक अशा दोन-तीन जाड पिशव्या, ऑक्सिजन भरलेल्या, आणि त्या थर्माकोलच्या डब्यात. चर्चगेटहून संध्याकाळची विरार लोकल पकडू नका. दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान, नालासोपाऱ्याला उतरून रिक्षाने राजोडी, असा प्रवास माशाला आणि डब्याला दोघांनाही सोसतो. घरी हाताळताना जाळी वापरू नका, काटा जाळीत गुंततो. मगात किंवा डब्यात धरून सोडा. पाण्याबाहेर काढल्यावर तो घुरघुरतो, त्याने दचकून डबा सोडू नका. कपारीत अडकलाच तर मागचा छोटा काटा हलकेच दाबल्यावर मोठा काटा आपोआप खाली पडतो.

मुख्य टाकीत सोडण्याआधी चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणं टाळू नका. या टाकीला वाळू-दगड नको, एक पीव्हीसी पाइपचा तुकडा लपायला पुरतो. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो सागरी इक. सोनेरी धुरळा आणि धापा दिसल्या तर वेल्वेट, आणि त्यात वेळ फार कमी असतो. दोन्हींवर तांब्याचं औषध चालतं आणि ट्रिगर ते बऱ्यापैकी सोसतो, पण मात्रा बाटलीवर सांगितलेलीच आणि रोज कॉपर किटने मोजूनच. मुख्य टाकीत तांबं कधीही घालू नका, ते दगडात मुरतं.

खाणं

राजोडीत राहण्याचा फायदा इथे आहे. आयात केलेल्या गोठवलेल्या खाद्याच्या वड्यांपेक्षा अर्नाळ्याच्या किंवा वसईच्या बंदरावरची मासळी कितीतरी चांगली. ट्रिगरचे दात आयुष्यभर वाढतात. खेकडे, समुद्री अर्चिन, शिंपले फोडून ते झिजावेत अशीच त्यांची रचना आहे. टाकीत मऊच खायला मिळालं तर दात इतके वाढतात की तोंड मिटत नाही. म्हणून कोलंबी सालीसकट द्या. आठवड्यातून दोनदा तिसऱ्या अर्धवट उघडून शिंपलीसकट टाका. लहान चिंबोरीचा पाय तो फोडताना बघणं हा मोठाच आनंद आहे. माकूल बारीक चिरून द्या.

बांगडा, तारली नको. त्यांचं तेल पाण्यावर तवंग धरतं आणि स्किमर बिघडवतं. बोंबील पाणीदार, तोंडात धरल्याबरोबर विरघळतो आणि टाकी गढूळ करतो. सुका जवळा, सुकटही नको. कोणतीही ताजी मासळी आधी गोड्या पाण्यात धुऊन आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे बहुतेक परजीवी मरतात. शिंपल्यांत आणि काही मासळीत थायमिनेज नावाचं विकर असतं, ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं आणि गोठवण्याने जात नाही. त्यामुळे रोज एकच पदार्थ देऊ नका. आठवड्यातून तीन-चार वेळा चांगल्या पेलेट द्या, खाद्यावर जीवनसत्त्वाचे थेंब टाका, नायजरला समुद्री शेवाळाचं पान चिमट्याला लावून द्या. लहान माशाला दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं, मोठ्याला एकदा किंवा दोनदा. दोन मिनिटांत संपेल तेवढंच. हाताने भरवू नका. मुलांना तर नक्कीच नाही. शिंपली फोडणारा जबडा बोटात खोल जातो. लांब चिमटा ठेवा.

सोबती निवडताना शंख, कोलंबी, खेकडे, तारामासे यांचा विचार सोडून द्या, ते ट्रिगरचं अन्न आहे. मोठे टँग, मोठे एंजल, रॅबिटफिश हे बरे सोबती. लायनफिशचे लांब पर तो कुरतडतो. सगळे सोबती आधी सोडा, ट्रिगर शेवटी, म्हणजे टाकी आपलीच आहे असं त्याला पहिल्या दिवसापासून वाटत नाही. ब्लूथ्रोटची जोडी सोडली तर एका टाकीत एकच ट्रिगर.

पाणी बदलल्यावर उरलेलं खारं पाणी वाडीत ओतू नका. आपल्याकडच्या केळी, भाज्या आणि फुलझाडांखालची जमीन आधीच खारेपणाशी झुंजते आहे, ते पाणी गटारातच सोडा. आणि पुढे कधी मासा सांभाळणं शक्य झालं नाही तर तो दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला. समुद्रात सोडू नका, तो मूळचा भारतीय जातीचा असला तरीही. १९८० च्या दशकात फ्लोरिडाजवळच्या पाण्यात मत्स्यालयांतले लायनफिश गेले आणि आज पश्चिम अटलांटिक, कॅरिबियनच्या प्रवाळांतले स्थानिक मासे ते फस्त करत आहेत. टाकीत वाढलेला मासा सोबत कोणता रोग घेऊन जातो, हे कोणालाच कळत नाही.

सुरुवात कधी करावी, हे विचारलंत तर दिवाळीनंतर. ऑक्टोबरचा उकाडा सरलेला असतो, चिलरवर ताण नसतो, आणि जिवाणूंची वाढ डिसेंबरअखेर पूर्ण होते. जानेवारीत सोबतीचे मासे वेगळ्या टाकीतून मुख्य टाकीत आणा, त्याच वेळी ट्रिगर खरेदी करून वेगळ्या टाकीत ठेवा. फेब्रुवारीच्या शेवटी त्याला मुख्य टाकीत सोडलं की खरा उन्हाळा सुरू होईपर्यंत त्याला रुळायला महिना मिळतो. चिलर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात साफ करून घ्या. मेअखेर सेलचे एअर पंप एकदा चालवून बघा, सेल नवे भरा, आणि बदलायला लागणारं मीठ-पाणी झाकणाच्या पिंपात तयार करून ठेवा. जून ते सप्टेंबर नवा मासा आणू नका.